शेजारच्या विहिरीचं पाणी

सहा नोव्हेंबर. सकाळी साडेसातला मी शेण कालवायच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून उभी होते. आमचा गडी भाचीच्या साखरपुड्यासाठी अकोटला गेला होता, आणि गोबरगॅसला सुट्टी नसते. शेणात पाणी बरोबरीने पडावं लागतं. कडब्याची धसकटं, खडे, सुतळीचे तुकडे वेचून काढावे लागतात, नाहीतर घुमटाच्या आत जाड थर धरतो आणि गॅस वर यायचा थांबतो. चौदा म्हशींचं शेण म्हणजे तासाभराचं काम.

तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई लिफाफा घेऊन आला. माझे हात भरलेले होते, म्हणून मी त्यालाच फोडून वाचायला सांगितलं. ही चूक झाली. दुपारपर्यंत गावात ज्याला त्याला माहीत होतं की मास्तरीणबाईच्या गोबरगॅसवर प्रदूषणवाल्यांची नोटीस आली.

मास्तरीणबाई म्हणजे मी. नवरा अकोल्याला शाळेत शिकवतो. शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या एसटीने जातो. शेत, म्हशी, खवा आणि सरकारी कागदांची फाईल माझ्याकडे. आमचं शेत अंजनगाव सुर्जीहून अकोटकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत आहे. सासऱ्यांनी पोस्टातल्या नोकरीवर ते घेतलं. विकणारे होते आमच्या आताच्या शेजाऱ्याचे चुलते. शेजाऱ्याला ते आजही खुपतं असं मी धरून चालते. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलेलं नाही. पण धुऱ्यावरच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरच्या, निंबाची फांदी तोडायची झाली तरी ते मोजणीचा नकाशा काढतात, आणि मीही काढते.

नोटिशीत लिहिलं होतं की माझ्या गोबरगॅसची स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरणारा पातळ रबडा, जमिनीत मुरून शेजारच्या विहिरीत उतरते, अशी लेखी तक्रार आली आहे. अधिकारी पाहणीला येतील, पाण्याचे नमुने घेतील, सगळे कागद तयार ठेवावेत. दोष आढळला तर संमती रद्द होईल.

ही संमती काय असते ते गावात फार कुणाला माहीत नव्हतं, मलाही आधी नव्हतं. चार म्हशी होत्या तोवर आमचा गोठा नुसता गोठा होता. म्हशी वाढल्या, मोठा गोबरगॅस बांधला, त्याच्यावर खव्याच्या कढया चढल्या, आणि आम्ही नियमात आलो. स्लरीचा खड्डा सिमेंटचा पाहिजे. विहिरीपासून, घरांपासून, नाल्यापासून ठरलेलं अंतर पाहिजे. स्लरी नाल्यात सोडायची नाही, कुठल्या शेतात किती टाकली त्याची नोंद ठेवायची. मी हे सगळं केलं होतं. नोंदवही ओळीने भरलेली होती. म्हणून नोटीस वाचून मला आधी भीती नाही वाटली, राग आला. आणि रागाच्या मागोमाग प्रश्न आला, की हा कागद लिहिला कुणी?

कारण तक्रारीची प्रत सोबत जोडली होती. खाली शेजाऱ्याची सही होती, पण वर ‘भूजलाचे अपरिमित प्रदूषण’ असलं टाईप केलेलं मराठी होतं. आमचे शेजारी भाऊ सोसायटीचा अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतात.

दुसऱ्या दिवशी ते धुऱ्यावर दिसले. मी सरळ विचारलं की पाण्याला वास येत होता तर आधी मला का सांगितलं नाही.

“सांगून काय झालं असतं?” ते म्हणाले. “तुमी नाई म्हटलं असतं.”

“म्हटलंच असतं. माझा खड्डा खाली आहे, तुमची विहीर वर आहे. पाणी चढ चढून येते का?”

“ते सायबाले सांगजा.”

एवढं बोलून ते कपाशीत शिरले. माझा मुद्दा मात्र बरोबर होता. आमच्याकडे जमिनीचा उतार सातपुड्याकडून खाली. शेजाऱ्याची विहीर धुऱ्याला लागून, वरच्या अंगाला. माझा गोठा, घुमट आणि स्लरीचा खड्डा पार खालच्या टोकाला, रस्त्याकडे.

त्या विहिरीचा त्यांना फार अभिमान. दर्यापूरकडे खारं पाणी असतं, तिकडचे त्यांचे पाहुणे परत जाताना कॅन भरभरून पाणी न्यायचे. शेतातच घर असल्याने नळ नाही, पिणं-स्वयंपाक सगळं त्याच पाण्यावर. या पावसाळ्यानंतर त्या पाण्यावर हिरवट तवंग यायला लागला होता, हे मी आमच्या गड्याकडून ऐकलं होतं. ऐकलं आणि सोडून दिलं. दुसऱ्याच्या विहिरीत डोकावायची आपली रीत नाही.

कागदांच्या सत्यप्रती करायला मी अमरावतीला गेले. प्रदूषणाच्या ऑफिसबाहेर चहाची टपरी आहे. तिथे एक माणूस माझ्याजवळ आला. बगलेत फाईल, खिशाला दोन पेन. माझ्या हातातल्या अर्जावरचं आडनाव वाचून त्याने अदबीने “जयभीम ताई” म्हटलं. मीही म्हटलं. मग तो म्हणाला, गोबरगॅसच्या तक्रारीचं आहे ना, काळजी करू नका, आपल्याच माणसाचं काम आहे, रिपोर्ट कसा यायला पाहिजे तेवढं सांगा.

मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. अर्ज नुसता संमतीच्या प्रतीसाठी होता, त्यात तक्रारीचा उल्लेख नव्हता. मी विचारलं, तुम्हाला तक्रारीचं कसं माहीत? तो हसला आणि म्हणाला, इथं सगळं माहीत होते ताई. आडनाव बघून जवळ येणाऱ्या माणसापासून मी एरवी जेवढी लांब उभी राहते, त्याहून चार पावलं आणखी लांब सरकले आणि आत गेले. परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच चक्र. तक्रार लिहिणारा हाच. आधी एकाकडून तक्रार लिहून घ्यायची, मग दुसऱ्याला निस्तरून द्यायची. आणि याला शेजाऱ्याकडे पोचवलं कुणी? परतवाडा येईपर्यंत माझा निम्म्या गावावर संशय घेऊन झाला होता.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी विहिरीकडे गेले. म्हणजे धुऱ्याच्या माझ्या बाजूने, त्यांच्या शेतात पाऊल न टाकता. माझा हेतू सरळ होता, शेजाऱ्यांनी विहिरीजवळ स्वतःच काही करून ठेवलं आहे का ते बघायचं. उकिरडा सरकवला असेल, संडासचा खड्डा जवळ घेतला असेल. युरियाची रिकामी पोती तरी असतील. काही सापडलं तर फोटो काढायला मोबाईल घेऊन गेले होते.

त्यांच्या बाजूला काही नव्हतं. विहिरीचा काठ झाडून स्वच्छ. मी वैतागून मागे वळले, आणि माझीच कपाशी समोर आली.

आमच्या शेताचा तो वरचा कोपरा विहिरीहूनही उंचावर आहे, आणि बरड आहे. वीतभर माती, खाली मुरूम. तिथे कपाशी दरवर्षी गुडघ्याएवढी राहते. यंदा ती माझ्या खांद्याला लागत होती. काळीभोर हिरवी, पानंच पानं, बोंडं कमी. बाकीच्या शेतात वेचणी सुरू होती आणि हा कोपरा अजून वाढतच होता. ऑगस्टपासून मी हे बघत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होते. बरडीतसुद्धा कशी कपाशी घेतली बघा. शेजारणीलाही दाखवली होती.

ती कशाने वाढली ते मला माहीत होतं. मे महिन्यात मी तिथे मेंढरं बसवली होती.

आमच्याकडे उन्हाळ्यात शेत रिकामं झालं की धनगरांचे कळप येतात. शेतकरी त्यांना शेतात मुक्कामाला ठेवतो. दिवसा मेंढरं चरून येतात, रात्री शेतात बसतात, लेंड्या आणि मूत जमिनीत जातं. एक-दोन रात्री एका जागी, मग वाडा पुढे सरकवायचा, असं करत सगळं शेत खतवायचं. मी तसं केलं नाही. काळी जमीन स्लरीवर भागत होती. मी धनगराला सांगितलं की सगळ्या रात्री या बरडीच्या कोपऱ्यातच बसव. तो म्हणाला होता, बाई, एका जागी एवढं नाही करत कोणी. मी म्हटलं, जमीन माझी आहे. जवळजवळ महिनाभर तो मोठा कळप त्या एवढ्याशा कोपऱ्यात बसला. मग पाऊस आला. वीतभर मातीने किती धरून ठेवायचं? बाकीचं मुरमातून खाली गेलं. आणि खाली, वीस-पंचवीस पावलांवर, विहीर.

मी मोबाईल खिशात टाकला आणि घरी आले. माझ्या नोंदवहीत स्लरीच्या प्रत्येक टाकीची नोंद होती. मेंढरांची नव्हती. तो रकानाच नव्हता. स्लरीला नियम आहे, कारण ती सिमेंटच्या खड्ड्यातून येते आणि त्या खड्ड्याला नंबर आहे. मेंढरू आलं, बसलं, उठून गेलं. आणि खरं सांगायचं तर लेंडीखताने काही बिघडतं असं आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. खत म्हणजे चांगलंच.

अधिकारी म्हणून आली ती माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी होती. पायात बूट, डोक्याला रुमाल. तिने घुमट बघितला, खड्ड्यात काठी घालून खोली मोजली, भिंतीला तडे आहेत का ते हात फिरवून पाहिलं. अंतरं टेपने मोजली. नोंदवहीचं पान न् पान चाळलं. विहिरीचं पाणी बाटलीत घेतलं, माझ्या बोअरचंही घेतलं. बोअर घराजवळ आहे, खोल. शेजारी भाऊ पूर्ण वेळ धुऱ्यावर हाताची घडी घालून उभे होते.

शेवटी तिने पेन हातात ठेवून विचारलं, “ताई, विहिरीच्या बाजूला वर्षभरात आणखी कुठलं खत पडलंय का?”

“युरिया पडतो,” मी म्हणाले. “सगळेच टाकतात.”

तिने ‘रासायनिक खत’ असं लिहिलं. हे उत्तर खोटं नव्हतं. पण ते मी आदल्या संध्याकाळीच तयार करून ठेवलं होतं, हेही तितकंच खरं.

तिने चहा नाकारला. जीपच्या चालकाने घेतला. जाताना मी सवयीने खव्याचा पुडा आणून त्याच्या हातात दिला. आमच्या दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने गेला असं मला आठवत नाही. वीज मंडळाचा वायरमन असो की पोलिओचे थेंब पाजणारी बाई, पुडा ठरलेला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा शेजारी अजून धुऱ्यावरच होते, आणि आता हाताची घडी सोडून ते बघत होते.

रिपोर्ट दोन आठवड्यांनी आला. एक प्रत मला, एक त्यांना. गोबरगॅस नियमाप्रमाणे, खड्ड्याला गळती नाही, उतार विहिरीकडे नाही, तक्रारीत तथ्य आढळत नाही. संमती कायम. बोअरचं पाणी पिण्यायोग्य. ह्या ओळी मी उभ्याउभ्या तीनदा वाचल्या. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेपेक्षा बरंच जास्त आढळलं, स्रोत निश्चित होत नाही. हे पाणी पिण्यासाठी, विशेषतः लहान बाळांसाठी, वापरू नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही.

त्या ओळी मी एकदाच वाचल्या. तेवढं पुरलं.

शेजाऱ्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली होती. बाळ दीड महिन्याचं. तिला दूध पुरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी डब्यातली पावडर सांगितली होती. ही पावडर पाण्यात कालवायची असते. नोटिशीच्या आधी शेजारीण माझ्याकडे शतावरीच्या लाडवांना तूप न्यायला आली होती, तेव्हा तिनेच सांगितलं होतं. नोटिशीनंतर आमच्यातलं येणं-जाणं थांबलं होतं.

दुपारी चारला मी त्यांच्या घरी गेले. शेजारीण ओसरीत बसून तूर निवडत होती. मुलगी आत बाळाला थोपटत होती. शेगडीवर पातेलं खदखदत होतं. मी न बसता म्हटलं की रिपोर्ट वाचला असेलच, बाळाला ते पाणी देऊ नका.

“आमी उकळून देतो,” शेजारीण म्हणाली. “अर्धं होईस्तोवर उकळते मी. रिपोर्ट आल्यापासून तं आनखीनच जास्त उकळून राहिली.”

मी सांगितलं की उकळल्याने ते जात नाही, पाणी आटतं आणि उरतं त्यात ते आणखी घट्ट होतं. हे मला त्या अधिकारी मुलीने सांगितलं होतं. ती नमुने घेत होती तेव्हा मी विचारलं होतं.

शेजारी भाऊ आतून बाहेर आले. हातात रिपोर्टाची घडी होती. त्यांनी ती उघडली नाही.

“मास्तरीणबाई,” ते म्हणाले, “ज्या कागदावर तुमी निर्दोष हाय, त्याच कागदावर आमची विहीर खराब हाय. तुमच्या बोअरचं पाणी चांगलं, आमच्या विहिरीचं वाईट. त्यातलं आमी काय खरं मानाव? खव्याचा पुडा कोठी गेला ते म्या माह्या डोयानं पाह्यलं.”

“तो मी चालकाले दिला. सगळ्यायलेच देते. तुमालेही देते.”

“ज्यानं अर्ज लिहून देल्ला, त्या अमरावतीच्या माणसानं आधीच सांगतलं होतं आमाले. म्हणे रिपोर्ट त्यायच्याच बाजूनं येईन.”

म्हणजे तक्रार लिहिणारा तोच होता. माझा अंदाज बरोबर निघाला, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. मी त्याला दाद दिली नाही तेव्हा त्याने दुसऱ्या बाजूला जाऊन आपली वेळ साधून घेतली होती.

शेजारणीने सूप झटकलं आणि विचारलं, “आज एकदम आमच्या लेकराची काळजी काहून वाटून राहिली तुमाले?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी दिलं नाही. मी घरी आले.

धारा काढताना मी हिशोब केला, माणसं पैशाचा करतात तसा नाही. रिपोर्ट खरा होता, दोन्ही अर्ध्यांत खरा. पण माझ्या बाजूचा अर्धा खरा आहे म्हणूनच त्यांना दुसरा खोटा वाटत होता. मी निर्दोष राहीन तितका वेळ ती बाई पाणी आटवून आटवून त्या बाळाला पाजणार. दुसरीकडून कॅन मागवा म्हटलं असतं तरी मागवला नसता, मी सुचवलं म्हणून. त्यांच्या जागी मी असते तर मीही मागवला नसता.

नवऱ्याला फोन केला. मेंढरांचं त्याला पहिल्यांदाच सांगितलं. तो म्हणाला, कागद आपल्या बाजूने आला आहे, आता तू नवा धागा कशाला काढतेस? तू जाऊन सांगितलंस, ऐकायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. तो वाईट माणूस नाही. त्याच्या शाळेतल्या पोरांना तो असंच सांगत नसणार, पण घरच्या बाबतीत सगळेच वेगळं सांगतात. मी म्हटलं, बाळ दीड महिन्याचं आहे. तो म्हणाला, मग सांग, पण तोंडी सांग. लिहून काही देऊ नको.

दिवे लागायच्या वेळी मी परत गेले. या वेळी बसले. शेजारी, शेजारीण आणि मुलगी तिघंही ओसरीत होते. मी सांगितलं की मे महिन्यात माझ्या बरडीच्या कोपऱ्यात मी महिनाभर मेंढरं बसवली, एकाच जागी. धनगर नको म्हणत असताना बसवली. तुमच्या विहिरीत जे उतरलं ते तिथलं असणार. गोबरगॅसचं नाही, पण माझंच. अधिकारी बाईने विचारलं तेव्हा मी हे सांगितलं नाही.

आत बाळ कुरकुरलं तरी मुलगी उठली नाही. शेजाऱ्यांनी मान वळवून माझ्या शेताच्या दिशेला पाहिलं. अंधारात कपाशी दिसत नव्हती, पण ती त्यांनाही आठवली असावी.

“म्या म्हटलंच होतं,” शेजारीण नवऱ्याला म्हणाली, “बरडीत कपाशी एवढी होते का कधी?”

“हे मातर खरं वाटून राहिलं,” शेजारी म्हणाले. “यात तुमचा तोटा हाय.” मग त्यांनी डोळे बारीक केले. “पण तुमाले यातून पायजे काय?”

“ते पातेलं शेगडीवरून उतरवा. मले दुसरं काही नाई पायजे.”

“लिहून द्या.”

“काय?”

“आता बोलल्या ते. मेंढरायचं. उद्या तुमी म्हणसान, म्या कोठी म्हटलं होतं.”

मी उठले. लिहून देते असंही म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. घरी येताना मला त्यांचा राग येत होता, आणि त्या रागात काही दम नव्हता. मी त्यांच्याकडून काहीही तोंडी घेतलं असतं का? धुऱ्याची फांदी मी नकाशाशिवाय तोडू दिली नव्हती.

तो कागद त्यांच्या हातात गेला की काय काय होऊ शकतं, ते मी जेवताना मोजलं. ते पुन्हा तक्रार करतील, या वेळी माझ्याच अक्षरातल्या पुराव्याने. अमरावतीचा तो माणूस त्याला मोठे शब्द जोडून देईल. मेंढरांना नियम नाही, पण पाहणीत माहिती लपवली याला असेल. संमती गेली तर गॅस बंद, कढया बंद. हे सगळं होईलच असं नाही. होणारच नाही असंही मी समजत नव्हते. शेजाऱ्यांबद्दल माझं मत त्या रात्रीपर्यंत काही सुधारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारा गड्यावर सोपवल्या. बोअर सुरू करून दोन कॅन धुतले, भरले. मग दूध संकलनाच्या वहीतलं कोरं पान फाडलं आणि त्यावर चार ओळी लिहिल्या. कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या महिन्यात, किती दिवस, कुणाच्या सांगण्यावरून. पाहणीच्या वेळी हे सांगितलं नव्हतं, तेही लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला, कारण माझ्या सहीच्या वर कुणी आणखी काही लिहू नये. तोच फोटो त्या अधिकारी मुलीच्या ऑफिसला पाठवला. शेजाऱ्यांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

कॅन उचलून धुरा ओलांडला. शेजारी भाऊ दात घासत होते. त्यांनी कागद ओल्या हातानेच घेतला, दोनदा वाचला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. बरं म्हटलं नाही. शेजारणीने कॅनचं झाकण काढून वास घेतला, मग आत जाऊन स्टीलचा गिलास आणला, भरला आणि माझ्यासमोर धरला.

“आधी तुमी प्या.”

मी तिथेच उभ्याने गिलासभर पाणी प्याले. तिने दुसरा भरला. तोही प्याले. मग मुलगी पुढे आली आणि कॅन आत घेऊन गेली.